चाल आधी, अर्थ मागून

'खेड्यात ग्रेस वाचतात? कशाला उगाच!' एका साहित्य संमेलनात जेवणाच्या रांगेत, हातातली पत्रावळ सावरत एक प्राध्यापक मला म्हणाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आम्हाला कविता द्यायचीच तर नापिकीची द्यावी, कर्जाची द्यावी. नागपूरच्या या कवीने संध्याकाळच्या धूसर उजेडात लिहिलेलं आम्हाला काय कळणार?

कळत नाही, हे मी आधीच मान्य करतो. पण कळलं नाही म्हणून कविता परत करायची, ही रीत आमच्याकडे कधीपासून आली?

वर्धा जिल्ह्यातल्या माझ्या गावात गुरुवारी भजन असतं. सुरू होण्याआधी पखवाजी ओल्या कणकेचा गोळा घेऊन बसतो. डाव्या पुडीवर थापतो, थाप देऊन ऐकतो, नखाने थोडी खरवडतो, पुन्हा ऐकतो. आवाज हवा तसा खाली उतरला की मगच टाळ उचलले जातात. मग मुक्ताबाईची मुंगी सूर्य गिळते, ज्ञानोबांच्या काट्याच्या टोकावर गावं वसतात. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हे जन्मभर म्हणत आल्या आहेत. अर्थ सांगणारा बुवा वर्षातून एकदा येतो, आणि तो आला नाही तरी भजन थांबत नाही. ज्यांचे कान कूट अभंगांवर पोसले, त्यांना दुर्बोधतेची भीती घालणं म्हणजे पोहणाऱ्याला पाणी खोल आहे म्हणून सांगणं.

ग्रेस आमच्याकडे पुस्तकातून आलेच नाहीत. 'संध्याकाळच्या कविता' 1967 साली निघाल्या, तेव्हा गावात वाचनालय नव्हतं. ते आले हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींतून. 'निवडुंग' हा चित्रपट 1989चा, त्यातली गाणी हरभऱ्याच्या जागलीला मचाणावर ट्रान्झिस्टरवर लागत. पुढे 'महाश्वेता' मालिकेचं शीर्षकगीत झालेली त्यांची कविता लताबाईंच्या आवाजात घराघरात शिरली. त्या कवितेच्या ओळी बोटांवर मोजून पाहा: 14 मात्रा. पुढे 2 मात्रांचा विसावा घेतला की 16, म्हणजे आठ मात्रांच्या भजनी ठेक्याची दोन आवर्तनं. आमचा पखवाजी हे कुठे शिकला नव्हता. टीव्हीसमोर बसून गुडघ्यावर ठेका धरत तो म्हणाला, 'समजलं नाई तं का झालं? मुंगीनं सूर्य गिळला, थे तरी कुठं समजलं होतं!'

दुसरा आक्षेप आमच्याच माणसांचा आहे आणि तो मला जास्त बोचतो. मातीतल्या साहित्याचा झेंडा घेतलेले मित्र म्हणतात, हे दुःख आपलं नाही, पोट भरलेल्यांचं आहे. कापसाला भाव मिळाला नाही, हे माझं दुःख आहेच. पण कापूस विकून रिकामी बैलगाडी घेऊन परतताना, दिवेलागणीला, वारलेली आई आठवते; ते दुःख कोणत्या बाजार समितीत नोंदवायचं? ग्रेस यांच्या कवितेत आई पुन्हा पुन्हा येते. ती शहरातली की खेड्यातली, असं मी तिला कधी विचारलं नाही.

ग्रेस यांचं सगळंच मी डोक्यावर घेत नाही. कुठे कुठे प्रतिमेवर प्रतिमा चढत जाते आणि खाली जमीनच लागत नाही. 'चंद्रमाधवीचे प्रदेश'मधली काही पानं मी आजही न थांबता उलटतो. नाद आहे म्हणून कविता आहेच, असंही मी म्हणणार नाही; नुसत्या टाळांनी भजन होत नाही. पण ही तक्रार वाचकाने वाचून केलेली आहे. वाचण्याआधीच 'हे तुमच्यासाठी नाही' म्हणून पुस्तक उचलून नेणाऱ्याला ती वापरता येणार नाही.

आता तालुक्याच्या वाचनालयात आमच्यासाठी निवडलेल्या पुस्तकांचं एक वेगळं कपाट आहे. त्यात दुष्काळ आहे, सावकार आहे, बैलही आहेत. ते सगळं असू द्या. पुढच्या खरेदीत मात्र 'संध्याकाळच्या कविता'च्या दोन प्रती घ्या. एक पखवाज्याकडे जाईल, ती लवकर परत येणार नाही.