तान्ह्या बाळाचे बीपी

‘बीपी’ हा शब्द आता वस्तीवस्तीत पोचला आहे. म्हाताऱ्याची गोळी कोणती, हे घरातली पोरेही सांगतात. पण काचेच्या पेटीतल्या आठ दिवसांच्या बाळाचे बीपी वाढले असे डॉक्टर म्हणाले, की घरचे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. एवढ्याशा जिवाला कसले टेन्शन? मग बोट जाते बाळंतिणीकडे. तिने दिवसभर विचार केला, रडली, म्हणून लेकराला असे झाले! भगिनींनो, आईच्या रडण्याने बाळाला हा आजार होत नाही. सासूबाईंनीही हे ऐकून ठेवावे.

धडधाकट बाळांत हा आजार फार क्वचित दिसतो. अतिदक्षता कक्षातल्या शंभर बाळांत मात्र एक ते तीन बाळांना तो होतो. आकडे मोठ्या माणसासारखे नसतात. पूर्ण दिवसांच्या बाळाचा वरचा आकडा पहिल्या दिवशी सत्तरच्या आसपास असतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा त्याहून कमी, आणि पुढे तो दिवसागणिक चढत जातो. म्हणून आठ दिवसांच्या बाळाचा आकडा ११० ऐकून ‘नॉर्मल आहे’ म्हणत कोणी निर्धास्त होऊ नये. तो बराच जास्त आहे.

कारण बहुतेक वेळा मूत्रपिंडात सापडते. फार आजारी बाळाच्या नाळेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालावी लागते. तिच्यावाचून कधी कधी बाळ वाचत नाही. पण नळीच्या टोकाशी रक्ताची गुठळी धरली आणि तिचा तुकडा मूत्रपिंडाच्या वाटेत अडकला, तर तिकडे रक्त कमी पडते. आपल्याकडे जायकवाडीच्या कालव्यावर टेलचा शेतकरी काय करतो? त्याच्या चारीत गाळ साचला तरी तो वरचे दार उचला म्हणून ओरडतो. दार उचलले की कालवा तुडुंब भरतो, याचे शेत मात्र कोरडेच. मूत्रपिंड असेच रक्तात एक द्रव्य सोडून साऱ्या अंगाचा दाब वाढवते. काही बाळांचे मूत्रपिंड जन्मतःच सदोष असते. काहींची हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी चिंचोळी असते, तेव्हा हाताचा दाब जास्त आणि पायाचा कमी लागतो. बरेच दिवस ऑक्सिजनवर राहिलेली नाजूक फुफ्फुसाची बाळे आणि काही औषधे, हीही कारणे आहेतच.

मोजण्यातही चूक होते. दंडाचा पट्टा लहान पडला तर आकडा खोटा वाढतो, बाळ रडत असले तरी वाढतो. म्हणून बाळ निजलेले असताना, उजव्या दंडाला मापाचा पट्टा बांधून, थोड्या थोड्या वेळाने तीनदा मोजतात. सिस्टर पुन्हा पुन्हा मोजते म्हणून चिडू नका. दाब खरोखर चढा निघाला, तर लघवी-रक्त तपासणी, मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि हृदयाचा टूडी इको लागतो. त्यासाठी परभणीहून नांदेडला किंवा संभाजीनगरच्या घाटीत पाठवले, तर घाबरून बाळाला घरी आणू नका. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाची तपासणी, औषध आणि गाडी सरकारी दवाखान्यात त्यात मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर या कार्यक्रमाचे नाव घेऊन विचारा.

दिलासा असा, की बऱ्याच बाळांचा दाब वर्षभरात उतरतो आणि औषध सुटते. पण ते डॉक्टरांनी सोडवायचे. दाब वाढलेले बाळ पुष्कळदा हसते-खेळतेही दिसते. दूध नीट न ओढणे, धापणे, सारखे किरकिरणे, सुस्त पडणे, झटका येणे, यातले काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. औषध बाळाच्या वजनावर मोजून असते. आजोबांची गोळी तोडून देणे म्हणजे जिवाशी खेळ.

आम्हाला काळजी वाटते ती गंगाखेड, पालम, सोनपेठकडच्या कोयता घेऊन निघणाऱ्या कुटुंबांची. दिवाळी झाली की टोळी कारखान्यावर जाते आणि फेरतपासणीची तारीख गावातच राहते. ज्यांचे बाळ पेटीतून आले आहे त्यांनी निघण्याआधी आशाताईला सांगावे, औषध किती दिवसांचे आहे ते मोजावे, आणि तिकडे जवळचा सरकारी दवाखाना कोणता ते मुकादमाला विचारून ठेवावे. सुट्टीच्या कागदावर बाळाच्या दाबाचा शेवटचा आकडा नसेल, तर सिस्टरकडून तो लिहून घ्यावा आणि मगच गाडीत बसावे.