सहा फुटांची जागा, बारा नमस्कार आणि यमाईचा डोंगर



मारतहळ्ळीत भाड्याचं घर बघायला फिरलात, तर जवळपास प्रत्येक फ्लॅटमध्ये एक वस्तू हमखास दिसते. कपाटामागे किंवा गॅलरीत वॉशिंग मशीनवर गुंडाळून उभी केलेली योगा मॅट. तिच्या सोबतीला दोन डंबेल्स असतात आणि त्यातला एक वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराला लावलेला असतो. आमच्या मजल्यावरच्या चार घरांत मिळून पाच मॅट आहेत. रोज उलगडली जाते ती एकच, आणि ती आहे माझ्या आईची. तिचं वय चोपन्न. तिच्याबद्दल पुढे सांगतेच.

आधी हे बघूया की बाकीच्या चार मॅट गुंडाळलेल्या का राहतात. आपण लगेच आळसाला दोष देतो, पण मला ते पटत नाही. जी माणसं आउटर रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये दीड-दीड तास बसून ऑफिसला जातात आणि परत येऊन स्वयंपाक करतात, ती आळशी कशी? गडबड ध्येय ठरवतानाच झालेली असते. "तीन महिन्यांत दहा किलो कमी करायचे" हे ऐकायला छान वाटतं. पण मंगळवारी सकाळी साडेसहाला उठून नेमकं काय करायचं, हे त्या वाक्यात कुठेच नाही. दहा किलो हा निकाल झाला. निकाल आपल्या हातात नसतो, अभ्यास असतो, हे आपण दहावीपासून ऐकत आलोय. वजनकाटा तर पाणी, मीठ, पाळी, रात्रीचं जेवण अशा कितीतरी कारणांनी किलो-दीड किलो इकडेतिकडे होतो. त्याच्याकडून रोज शाबासकीची अपेक्षा ठेवली की आठव्या दिवशी मॅट कपाटामागे जाते.

म्हणून ध्येयाचे दोन भाग करायचे. एक लांबचं, ज्याच्यासाठी जीव तुटतो असं. दुसरं आजचं, जे इतकं छोटं आणि स्पष्ट असेल की केलं किंवा नाही केलं एवढंच उत्तर निघेल.

घरच्या घरी व्यायाम हे लॉकडाऊनमध्ये निघालेलं खूळ आहे, असं कुणाला वाटत असेल तर आपल्याच साताऱ्याकडची एक गोष्ट ऐका. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म 1868 चा, आणि 1909 पासून संस्थान विलीन होईपर्यंत ते गादीवर होते. स्वतः चित्रकार, कीर्तनाची आवड, आणि व्यायामाचं वेड. त्या काळात युजेन सँडो हा युरोपातला पैलवान जगभर गाजत होता. 1904-05 मध्ये तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावरही येऊन गेला. स्प्रिंगचे डंबेल्स, पुस्तकं, टपालाने व्यायामाचे धडे असं सगळं तो विकायचा. आजच्या ऑनलाइन फिटनेस कोचचा पणजोबाच म्हणा ना! भवानरावांनी त्याची उपकरणं आणि पुस्तकं मागवली आणि सुमारे दहा वर्षं नेमाने तो व्यायाम केला. म्हणजे "महागडी मशीन आणली आणि आठवड्यात कंटाळा आला" असं त्यांचं मुळीच झालं नव्हतं. तरीही 1908 च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि मग उरलेलं आयुष्य तोच त्यांचा व्यायाम झाला.

मला यातली रोजची सोय महत्त्वाची वाटते. नमस्काराला उपकरण लागत नाही. जागा लागते ती माणूस आडवा मावेल एवढी, म्हणजे सहा-सात फूट. नवरा, बायको, मुलं, आजोबा, सगळ्यांना एकाच खोलीत करता येतो. भवानरावांच्या घरात राणीसाहेब आणि मुलंही नमस्कार घालत, आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी मुलांना ते लावून दिले. 1938 मध्ये लंडनहून त्यांचं 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक निघालं, ते लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलं होतं. पुढे त्यांचे चिरंजीव अप्पा पंत, जे स्वतंत्र भारताचे राजदूत होते, त्यांनीही सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिलं.

आता, राजेसाहेबांचं सगळंच डोळे मिटून घ्यायचं नाही हं. ते रोज शेकड्यांनी नमस्कार घालत, आणि नमस्कारांनी जवळजवळ सगळे आजार बरे होतात असा त्यांचा सूर असे. तो आपण तिथेच सोडू. राजाला आठ वाजता कॅब पकडायची नसते.

या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या बेंगळुरूपर्यंत येतो. इथे के. व्ही. अय्यर नावाचे शरीरसौष्ठवपटू होते. त्यांची हर्क्युलस जिम्नॅशियम प्रसिद्ध होती, म्हैसूरच्या राजघराण्याचं त्यांना पाठबळ होतं आणि 1937 मध्ये त्यांनीही सूर्यनमस्कारांवर इंग्रजी पुस्तक काढलं. शिवाय ते टपालाने व्यायामाचा कोर्स चालवायचे! म्हणजे घरी बसून, दुसऱ्या गावच्या प्रशिक्षकाने आखून दिलेला व्यायाम करायचा. फोनवरच्या ॲपने आज तेच केलंय, फक्त पोस्टमन गेला. (हेच अय्यर कन्नडमध्ये 'शांतला' आणि 'रूपदर्शी' या कादंबऱ्याही लिहून गेले. काही माणसांना दिवसाचे तास जास्त मिळतात की काय कोण जाणे.)

तर, आई. ती जयसिंगपूरहून गेल्या वर्षी माझ्याकडे राहायला आली. गावी असताना तिची चाल आपोआप व्हायची. मंडई, देऊळ, बहिणीचं घर, सगळं पायी. इथे आली आणि चालणं बंद. फुटपाथ जिथे आहे तिथे त्यावर दुचाकी चढते, आणि जिथे नाही तिथे नाहीच. पहिल्या दोन महिन्यांत ती फक्त लिफ्टने खाली भाजीच्या गाडीपर्यंत जायची. मग रक्ततपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर 6.1 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आमच्या आजीला मधुमेह होता, शेवटच्या वर्षांत तिची नजर गेली होती. रिपोर्ट वाचून आई काही बोलली नाही, फक्त चष्मा पुसत बसली.

डॉक्टरांनी सांगितलं, आहार बघा आणि व्यायाम करा. आई म्हणाली, "अगं, या वयात मी उड्या मारू का?"

आमचं कुलदैवत औंधची यमाई. तिचं मूळ ठाणं डोंगरावर आहे आणि पौषात तिची यात्रा भरते. आई लग्न होऊन आली तेव्हा तो डोंगर एका दमात चढायची, गेल्या खेपेला मात्र ती खालूनच हात जोडून परतली होती. मी विचारलं, "येत्या पौषात वर जायचं का?" झालं, लांबचं ध्येय ठरलं! साखर 5.6 वगैरे आकडे तिला कधीच उठवू शकले नसते. डोंगराने उठवलं. त्याच डोंगरावर भवानरावांनी उभं केलेलं भवानी वस्तुसंग्रहालय आहे, तेही बघायचं ठरलंय.

आजचं ध्येय मात्र अगदी बारकं ठेवलं. सकाळचा चहा गॅसवर ठेवायच्या आधी मॅट अंथरायची आणि दोन नमस्कार. फक्त दोन. तेही अर्धे, कारण गुडघे कुरकुरतात. जमिनीवर हात टेकवण्याऐवजी ती डायनिंगच्या भक्कम खुर्चीच्या बैठकीवर हात टेकते, आणि खुर्ची भिंतीला लावलेली असते, म्हणजे सरकत नाही. त्यानंतर खुर्चीतून हाताचा आधार न घेता पाच वेळा उठायचं आणि बसायचं. मग भिंतीला हात लावून भिंतीवरचे जोर, पाच. सगळं मिळून सहा मिनिटं. वेळ घड्याळावर न बांधता चहावर बांधली, ही कल्पना आईचीच. "अलार्म बंद करता येतो, चहा कसा बंद करणार?" असं तिचं म्हणणं.

सहा मिनिटांनी काय होतंय, असं वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची शिफारस आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम जोराच्या हालचालीची आहे, आणि आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना ताकद लागेल असे व्यायाम. पूर्वी एका वेळी सलग दहा मिनिटं तरी झाली पाहिजेत अशी अट होती. 2020 च्या सूचनांत ती काढून टाकली. सकाळची सहा मिनिटं, जिने चढल्याची तीन, संध्याकाळी सोसायटीच्या आवारात दहा फेऱ्या, सगळं मोजलं जातं. मध्यम जोर म्हणजे किती, याची सोपी खूण अशी, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये.

वाढवायचं कसं? हळू. दर आठवड्याला एक नमस्कार जास्त, आणि गुडघा किंवा कंबर बोलली तर मागच्या आठवड्याचा आकडा पुन्हा. संथपणे एक नमस्कार घालायला साधारण अर्धा मिनिट लागतं, म्हणजे बारा नमस्कार सहा-सात मिनिटांत होतात. आई सध्या नऊवर आहे आणि गेल्या महिन्यापासून खुर्ची सोडून मॅटवर आली आहे. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचा त्रास किंवा काचबिंदू आहे, आणि ज्या मैत्रिणी गरोदर आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. खाली वाकण्याचे प्रकार सगळ्यांना चालत नाहीत. व्यायामात छातीत दाब, चक्कर किंवा न थांबणारी धाप आली तर तिथेच थांबायचं आणि दाखवायला जायचं, उद्यावर टाकायचं नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक सूचना. सकाळी सहाला दोरीच्या उड्या मारू नका. खालच्या मजल्यावरच्या आजी तुमचं फिटनेस ध्येय समजून घेणार नाहीत.

आता सगळ्यात अवघड भाग, खाडा. पाहुणे येतात, ताप येतो, गावाला जावं लागतं. लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज एक नवी गोष्ट ठराविक वेळी करायची, आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते बघायचं. 21 दिवसांचा जो आकडा सगळीकडे फिरतो, तो यात कुठेच नाही. मधला आकडा 66 दिवसांचा आला, आणि माणसागणिक अंदाज 18 पासून 254 दिवसांपर्यंत पसरलेला होता. म्हणजे तीन आठवड्यांत सवय लागली नाही तर तुमच्यात काही खोट नाही. आणि दुसरी गोष्ट मला फार दिलासा देणारी वाटली. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

आमच्याकडे फ्रिजवर कालनिर्णयचं पान आहे. नमस्कार झाले की आई त्या तारखेवर कुंकवाचं बोट टेकवते. गणपतीत सलग सहा दिवस कोरे गेले. मोदक, आरत्या, जयसिंगपूरहून आलेली मावशी. सातव्या दिवशी ती मॅटवर उभी राहिली तेव्हा आकडा सातवरून पुन्हा चारवर आणला, ते आमचं आधीच ठरलेलं होतं. मोठ्या खंडानंतर निम्म्यापासून सुरुवात, आणि चुकलेले नमस्कार भरून काढायचे नाहीत. सहा दिवसांचे एकदम घालायला गेलं की पाठ धरते आणि मग पुढचे दहा दिवस जातात.

घरातल्या इतरांचं काम एवढंच, की त्या सहा मिनिटांत "अगं, माझा डबा कुठाय?" असं विचारायचं नाही. कितीतरी बायकांचे व्यायाम या एका प्रश्नाने मोडलेत. मुलांना बरोबर घेतलंत तर उत्तम, मोजायचं काम त्यांच्याकडे द्या. शेजारच्या सहा वर्षांच्या मुलाला आई मराठीत मोजायला शिकवतेय आणि तो तिला कन्नडमध्ये. सध्या दोघांचं 'ओंबत्तु'पर्यंत आलंय.

साखरेची पुढची तपासणी नोव्हेंबरात आहे. आईने त्या तारखेवर पेन्सिलने गोल केलाय, कुंकू लावलेलं नाही. पुढच्या लेखात सकाळच्या नाश्त्याबद्दल लिहीन, कारण नमस्कारानंतर लागणारी भूक हा वेगळाच विषय आहे. तुमच्या घरात मॅट कुठे ठेवलेली असते, ते मात्र नक्की कळवा.