मराठवाड्याची जागा रिकामी ठेवू नका

राज्य शासन आणि केंद्र शासन यांस,

निवेदने देऊन झाली. शिष्टमंडळे नेऊन झाली. हा इशारा आहे.

आम्ही मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतले शेतकरी, वकील, शिक्षक, विद्यार्थी आणि व्यापारी. छत्रपती संभाजीनगरातून बोलत आहोत. आमची मागणी नवी नाही. ती १९५६ पासून भारताच्या संविधानात आहे.

अनुच्छेद ३७१(२). विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळे. निधीचे न्याय्य वाटप. तंत्रशिक्षणाची आणि नोकऱ्यांची पुरेशी संधी. मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे.

मराठवाडा विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. शासनाने ती संपू दिली.

सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळाच्या पुनर्स्थापनेचा निर्णय घेतला. निर्णय झाला, मंडळ आले नाही. राज्य दिल्लीकडे बोट दाखवते. दिल्ली बोलत नाही.

आम्ही या मौनाची नोंद घेतली आहे.

आमच्या नावाने दुसऱ्याने बोलणे म्हणजे काय, हे आम्हांला चांगले ठाऊक आहे.

१६ सप्टेंबर १९४८. संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद पॅरिसमध्ये बसली होती. मराठवाडा तेव्हा ज्यात होता, त्या हैदराबाद संस्थानाचा प्रश्न तिच्यापुढे होता. निजामाचे शिष्टमंडळ तिथे हजर होते आणि हैदराबादची बाजू मांडत होते. ज्या प्रजेच्या नावाने ते बोलत होते, तिची माणसे तुरुंगात होती, सरहद्दीवरच्या कॅम्पांत होती, रझाकारांच्या दहशतीत गाव सोडून पळत होती.

दुसऱ्या दिवशी निजाम शरण आला.

स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली ज्यांनी तो लढा दिला, त्यांचे आम्ही वारस आहोत. संस्थान घालवले ते आवाज मिळावा म्हणून. एका दरबारातून उठून दुसऱ्या दरबारात हात जोडून उभे राहावे म्हणून नव्हे.

२८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. निधी, नोकऱ्या आणि व्यावसायिक शिक्षणातले प्रवेश लोकसंख्येच्या प्रमाणात देऊ, असे त्यात लिहिले गेले. मराठवाड्याकडे विशेष लक्ष देऊ, असेही लिहिले गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. आम्ही अट घातली नाही. शब्दावर विश्वास ठेवला.

विश्वासाचा हिशेब असा आहे.

१९५६ मध्ये संविधानात मंडळाची तरतूद झाली. १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना रस्त्यावर यावे लागले. १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा काढला. त्यातला सुमारे ७५१ कोटींचा मराठवाड्याचा होता. त्याच वर्षी विधिमंडळाने मंडळांसाठी ठराव केला. गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे सहकारी तरीही झगडतच राहिले. मंडळ आले १९९४ मध्ये.

तरतुदीपासून मंडळापर्यंत ३८ वर्षे गेली. मंडळ २६ वर्षे टिकले.

मंडळ दुबळे होते, असा युक्तिवाद केला जातो. दुबळे असेल तर बळकट करा. ते अनुशेष मोजत होते. मोजणारा नसला की अनुशेष कागदावर उरत नाही. शेतात, शाळेत, दवाखान्यात मात्र उरतो.

मंडळाच्या जागी आम्हांला घोषणा मिळाल्या. १६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य मंत्रिमंडळ याच शहरात बसले. ४५ हजार कोटींहून अधिक रकमेची घोषणा झाली. २०१६ मध्येही अशीच बैठक झाली होती आणि अशीच घोषणा झाली होती. त्यांतले किती आले, हे सभागृहाला बांधील राहून सांगणारी संस्था आज अस्तित्वात नाही.

आता शासनाच्याच शब्दांकडे येतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० च्या महिला गटाची पहिली बैठक या शहरात भरली. शहर सजवले गेले. परदेशी पाहुण्यांचे आम्ही मनापासून स्वागत केले. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला दिल्लीत आफ्रिकी संघाला जी-२० चे कायम सदस्यत्व मिळाले. भारताने ते मिळवून दिले. आम्हांला त्याचा अभिमान आहे.

सुरक्षा परिषदेचा विस्तार एकदाच झाला. १९६५ मध्ये तिचे सदस्य ११ वरून १५ झाले. कायम सदस्य पाचच राहिले. ही रचना जुनी झाली, ज्यांच्याविषयी निर्णय होतात त्यांना तिथे जागा हवी, असे भारत जगाला सांगतो. बरोबर सांगतो.

वानुआतू हा प्रशांत महासागरातला सुमारे तीन लाख लोकवस्तीचा देश आहे. समुद्र त्याची बेटे गिळतो आहे. २०१९ मध्ये तिथल्या विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हवामानबदलाचा विषय उचलला. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वानुआतूच्या पुढाकाराने आलेला ठराव एकमताने स्वीकारला. २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानबदलाबाबत राष्ट्रांची कायदेशीर कर्तव्ये स्पष्ट करणारे मत दिले.

तीन लाखांच्या देशाचे म्हणणे जगाच्या न्यायालयाने ऐकून घेतले. २०११ च्या जनगणनेत मराठवाडा १ कोटी ८७ लाखांचा होता.

जगाच्या टेबलाशी जे मागता, ते घरात द्या.

जागा नसली की काय होते, ते जायकवाडी दाखवते.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांनी या धरणाची पायाभरणी केली. १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे लोकार्पण केले. त्याच्या जलाशयाची, नाथसागराची, क्षमता १०२ टीएमसी. हे शहर, इथले उद्योग आणि गोदाकाठची शेती त्यावर उभी आहे. वरच्या अंगाला नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत धरणे होत गेली. आम्ही खालच्या अंगाला आहोत. तिथल्या शेतकऱ्याशी आमचे वैर नाही. भांडण वाटप करणाऱ्याशी आहे.

२००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याचे कलम १२(६)(ग) समन्यायी वाटप सांगते. मेंढेगिरी समितीने त्याचे सूत्र दिले. प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले.

कायदा आमच्या बाजूने आहे. निकालही आमच्या बाजूने आहे. पाणी मात्र दर टंचाईत मागावे लागते.

२०२३ मध्ये ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला. पाणी सुटले नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. मधल्या काळात आम्ही जालना रोडवर आंदोलन करत होतो. जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचे, अशी अट आहे. त्यानंतर ही ६५ टक्के साठ्याची अट खाली आणण्याची शिफारस पुढे आली.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ती वेळ पुन्हा येऊ देणार नाही.

आमच्या मागण्या तीन.

एक. मराठवाडा विकास मंडळ पूर्ण अधिकारांसह पुन्हा स्थापन करावे. तज्ज्ञ सदस्य नेमावेत. त्याचा अहवाल दरवर्षी विधिमंडळात मांडून त्यावर चर्चा व्हावी.

दोन. १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा आदेश त्याच आठवड्यात निघावा. त्यासाठी मोर्चाची किंवा याचिकेची वाट पाहू नये.

तीन. ६५ टक्क्यांच्या अटीला मराठवाड्याच्या संमतीशिवाय हात लावू नये.

मुदत येत्या १७ सप्टेंबरपर्यंत. मुक्तिदिनापर्यंत.

मुदत पाळली नाही तर पुढील गोष्टी होतील.

१७ सप्टेंबरच्या शासकीय सोहळ्यात आमच्यापैकी कोणी बसणार नाही. हुतात्म्यांना मानवंदना आठही जिल्ह्यांत आम्ही स्वतः देऊ.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत ठराव होतील. ते गावागावातून थेट राष्ट्रपतींकडे जातील.

पाण्याचा आदेश वेळेत निघाला नाही तर दुसऱ्या दिवशी खंडपीठात याचिका दाखल होईल. मसुदा तयार आहे.

मराठवाड्याच्या ४६ आमदारांना त्यांच्या मतदारसंघात जाहीरपणे विचारले जाईल: मंडळासाठी सभागृहात काय केले? उत्तर मतदारांपुढे ठेवले जाईल. पक्ष पाहिला जाणार नाही.

हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते. तेही त्याच नागपूर कराराने. कराराचे ते एक कलम शासनाला आठवते. उरलेली कलमे घेऊन आम्ही विधानभवनासमोर येऊ. निर्णय झाल्याशिवाय परतणार नाही.

आमचा मार्ग शांततेचा आणि कायद्याचा राहील. त्याला कोणी दुर्बळपणा समजू नये. निजामाची सत्ता याच मातीतल्या माणसांनी हलवली. उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ मध्ये या शहरात आले, तेही मागणी सोडली नाही म्हणून.

आम्ही महाराष्ट्रात आहोत आणि महाराष्ट्रातच राहणार आहोत. म्हणूनच हा हिशेब मागत आहोत.

तोंडी आश्वासन स्वीकारले जाणार नाही. नवे पॅकेज हे उत्तर मानले जाणार नाही. आणखी एक अभ्यासगट चालणार नाही.

उत्तर लेखी द्यावे. त्यावर तारीख असावी.