पेट्रोल पंपाची टाकी आणि गावची विहीर

रस्ता रुंद झाला की त्याच्या कडेला नवा पेट्रोल पंप उभा राहतो. गावाची सोय होते, चार पोरांना काम मिळतं, ट्रॅक्टरच्या डिझेलसाठी तालुक्याला खेप मारावी लागत नाही. तेव्हा पंपाला विरोध करण्याचं कारण नाही. प्रश्न आहे तो पंपाखाली पुरलेल्या टाक्यांचा. टाकी जमिनीखाली आणि आपलं पाणीही जमिनीखाली. दोन्ही डोळ्याआड.

टाकी पोलादाची असेल तर ओल्या जमिनीत गंजते. नळ्यांचे सांधे सैल होतात. सेकंदाला एक थेंब गळला, तर दिवसाला सुमारे चार लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटर होतात. हजारो लिटरच्या रोजच्या उलाढालीत चार लिटर कुणाच्या लक्षात येणार? पण विहिरीला ते पुरेसं आहे. पेट्रोलमध्ये बेंझिन नावाचं द्रव्य असतं. त्याने रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझिन १ टक्क्यापर्यंत चालतं. हिशेब मांडून बघा. तेवढं बेंझिन असलेल्या एका लिटर पेट्रोलमधलं सगळं बेंझिन पाण्यात उतरलं, तर पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला जाऊन टेकतं.

आता आपली जमीन. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. वर माती, मग मुरूम, खाली खडक. पाणी वाहतं ते खडकाच्या भेगांतून आणि सांध्यांतून. त्यामुळे पंपाला लागून असलेली विहीर चांगली राहील आणि चार शेतं ओलांडून खालच्या अंगाची विहीर बाटेल, असंही होऊ शकतं. ‘आमची विहीर लांब आहे’ या समजुतीवर कुणी निवांत राहू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी ५० मीटर, आणि जादा सुरक्षेची सोय केल्यास किमान ३० मीटर अंतर ठरवून दिलं. पण ते शाळा, दवाखाने आणि वस्ती यांच्यापासूनचं. विहीर तर बहुतेक वेळा वस्तीबाहेर शेतातच असते.

यावर ग्रामपंचायतीत हमखास एक उत्तर मिळतं, “आमचं पाणी तपासलेलं आहे, हिरवं कार्ड आहे.” मुख्य गफलत इथेच आहे. जलसुरक्षक नमुना नेतो, त्यात जंतू, क्षार, नायट्रेट, फ्लोराइड बघतात. गावातल्या तपासणी संचातही तेच. इंधन त्यात कुणी शोधतच नाही. जे शोधलं नाही ते अहवालात येणार कुठून? ‘पिण्यास योग्य’ या शिक्क्याचा अर्थ ‘पेट्रोल नाही’ असा होत नाही. त्यासाठी बेंझिन आणि तेलजन्य द्रव्यांची तपासणी वेगळी मागावी लागते. नमुनाही प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये चालत नाही. काचेची बाटली बुडबुडा न ठेवता तोंडापर्यंत भरायची, घट्ट लावायची, बर्फात ठेवून लवकर पोचवायची. नाहीतर बेंझिन वाटेतच उडून जातं आणि प्रयोगशाळा ‘निरंक’ लिहिते.

घरच्या घरी ओळखायच्या काही खुणा आहेत. पेट्रोल-डिझेल पाण्यावर तरंगतं. मोटारीचा फुटबॉल तळाशी असतो, म्हणून पाइपातून येणारं पाणी स्वच्छ दिसू शकतं. वरचं पाणी बघा. रंगीत तवंग दिसला तर काठीने हलवा. तुकडे होऊन ते वेगळेच राहिले तर तो बहुधा लोहाच्या जंतूंचा थर. लगेच परत जुळला तर तेल. मात्र तवंग नाही, वास नाही, म्हणजे पाणी चांगलं असंही समजू नका. विरघळलेलं बेंझिन डोळ्याला दिसत नाही. अशा पाण्यात टीसीएल टाकून उपयोग नाही. उकळलं तर तीच वाफ स्वयंपाकघरात पसरते. वास येणाऱ्या विहिरीत गाळ काढायला माणूस उतरवू नका आणि काठावर विडी पेटवू नका.

आणखी एक गोष्ट पावसाळ्याची. विहिरींची पातळी वर आली की फुटक्या टाकीत बाहेरचं पाणी शिरतं. उन्हाळ्यात पातळी उतरली की त्याच भोकातून इंधन बाहेर जातं. पंपावर रोज डिपकांडी टाकून टाकीतला साठा आणि तळाचं पाणी बघतात. पाणी झाकणातूनही शिरू शकतं, पण दर पावसाळ्यात टाकीत पाणी सापडत असेल तर टाकी तपासायलाच हवी. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या उसाला त्याने भाव दिला, हे खरं. पण इथेनॉल गळलं की जमिनीतले जीवाणू आधी त्यावर तुटून पडतात, प्राणवायू संपवतात, आणि बेंझिन न कुजता पुढे सरकत जातं.

हे दूरचं भय नाही. अमेरिकेत १९८४ साली टाक्यांसाठी कायदा झाला आणि गळती शोधणं सक्तीचं झालं. तेव्हापासून पाच लाखांवर गळत्या नोंदल्या गेल्या. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराने १९९६ मध्ये पेट्रोलमधल्या एमटीबीई या रसायनामुळे विहिरी बंद केल्या. शहराचा निम्मा पाणीपुरवठा गेला. तिथे शोधलं म्हणून सापडलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की, पुरावा गोळा करायचं ओझं विहिरीच्या मालकावर पडता कामा नये. नव्या पंपाचा ना-हरकतीचा कागद ग्रामपंचायतीकडे येतो, तेव्हाच सरपंच आणि ग्रामसेवकांनी अटी घालाव्यात. पहिली, टाकीत इंधन भरण्याआधी आसपासच्या विहिरींची इंधनासाठी तपासणी व्हावी. ‘आधी चांगलं होतं’ हे मागाहून सिद्ध करता येत नाही. दुसरी, पंपाच्या उताराच्या अंगाला एक निरीक्षण बोअर पंपाच्या खर्चाने असावी, आणि तिची जागा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाने दाखवावी. तिसरी, पावसाळ्याआधी आणि नंतर तिचं पाणी तपासून अहवाल ग्रामसभेत वाचावा. जुन्या पंपांना हेच लेखी मागावं. बंद पडलेल्या पंपाची टाकी रिकामी करून काढली का, तेही विचारावं.

चांगल्या पंपचालकाला यात भिण्यासारखं काही नाही. गळणारा माल त्याचाही आहे. पण पंप बंद करून तो दुसरीकडे जाऊ शकतो. आपल्याला विहीर उचलून नेता येत नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या.