‘उंदरांवर यशस्वी’ म्हणजे काय? पीएसएचं जनुक उंदरात नसतंच!

‘उंदरांवर प्रयोग यशस्वी, प्रोस्टेट कॅन्सरवर औषध सापडलं!’ अशी पोस्ट तुमच्याही ग्रुपवर येऊन गेली असेल. मे २०२५मध्ये जो बायडन यांचा प्रोस्टेट कॅन्सर हाडांपर्यंत पोहोचल्याचं जाहीर झालं आणि पीएसए टेस्टची चर्चा पुन्हा सुरू झाली. पण ज्या प्रथिनाची ही टेस्ट आहे, ते तयार करणारं जनुक उंदरात नाहीच.

मग ते कुणात आहे? नागपूरकरांना रामटेकच्या गडावरची वानरं माहीत आहेत. ती, लाल तोंडाची माकडं, चिंपांझी आणि आपण एकाच मोठ्या गटातले. सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेतल्या माकडांची शाखा वेगळी झाली. त्यानंतर आपल्या गटाच्या पूर्वजात ‘केएलके२’ या जनुकाची एक जादा प्रत तयार झाली. तीच ‘केएलके३’, म्हणजे पीएसएचं जनुक. माणसात दोन्ही १९व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत, दोघांचे ५-५ एक्सॉन आहेत आणि त्यांची प्रथिनं सुमारे ८० टक्के सारखी आहेत.

पीएसएचं मूळ काम कॅन्सरशी संबंधित नाही. घट्ट झालेलं वीर्य पातळ करणं, हे त्याचं काम. एका मादीचे अनेक नरांशी संबंध येतात अशा चिंपांझीत वीर्याची घट्ट गुठळी होते. गोरिलाच्या कळपात बहुधा एकाच नराची सत्ता, तिथे या यंत्रणेची गरज कमी. गोरिलात ही दोन जनुकं तुटून एकमेकांत मिसळली आहेत. म्हणजे आपल्या इतक्या जवळच्या नातेवाइकातही हे जनुक धड उरलेलं नाही; उंदीर तर फारच लांबचा! म्हणून संशोधक उंदरात माणसाच्या कॅन्सरच्या पेशी किंवा माणसाचं जनुक घालतात. असे प्रयोग उपयोगी असतात, पण त्यातला उंदीर ‘आपल्यासारखा’ नसतो.

दुसरं उदाहरण मुंबईचं आहे. १९८४ साली परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतले ए. आर. शेठ आणि मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी मानवी वीर्यातल्या ९४ अमिनो आम्लांच्या एका प्रथिनाचा क्रम प्रसिद्ध केला. तेव्हा ते ‘इनहिबिन’ हार्मोन वाटलं होतं. खरं इनहिबिन वेगळंच निघालं आणि हे प्रथिन ‘पीएसपी९४’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. १९९१मध्ये ऱ्हीसस माकडाच्या जनुकाशी तुलना झाली, तेव्हा ते फार वेगाने बदलत आल्याचं दिसलं. प्रथिनाचा आकार धरून ठेवणारी १० सिस्टीन आम्लं मात्र सहसा जागची हलत नाहीत. उंदरात हे प्रथिन आहे, पण माणसाशी जुळतं ते जेमतेम निम्मं.

गंमत म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरमध्ये रक्तातलं पीएसए बहुधा वाढतं, तर गाठीतलं पीएसपी९४ कमी होत जातं. आणि पीएसए नुसत्या सुजेनं किंवा ग्रंथी मोठी झाल्यानंही वाढतं. त्यामुळे रिपोर्टमधला आकडा पाहून घाबरण्याआधी यूरोलॉजिस्टना भेटा.