हाल्सेमाच्या वळणांवर घाई नको

फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर बागियोहून बोंतोककडे जाणारा हाल्सेमा महामार्ग कॉर्डिलेरा डोंगररांगेच्या कडेकडेने चढत जातो. आतोकजवळ तो २,२५५ मीटरची उंची गाठतो. एका बाजूला भाजीचे मळे, दुसऱ्या बाजूला खोल दरी आणि मध्येच रस्ता गिळून टाकणारं धुकं. मित्रांच्या टोळीला थरारासाठी आणखी काय हवं?

पण केवळ थरारापुरता हा प्रवास करणं म्हणजे या प्रदेशावर अन्याय आहे.

याच डोंगररांगेतल्या इफुगाओ लोकांच्या भातखाचरांना १९९५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. पुढे तरुण शहरांकडे गेले, बांध ढासळू लागले आणि २००१ मध्ये तीच खाचरं धोक्यातील वारशाच्या यादीत गेली. त्या यादीतून ती सुटली २०१२ मध्ये. हे बांध आजही माणसांच्या हातांनीच सावरावे लागतात. उत्तरेला चिको नदीचं खोरं आहे. तिथल्या नियोजित धरणांना विरोध करणारे कलिंगा समाजाचे नेते मक्लिइंग दुलाग १९८० मध्ये सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडले. लोक मात्र हटले नाहीत आणि तो धरणप्रकल्प सरकारला गुंडाळावा लागला.

म्हणून एका दिवसात तीन ठिकाणं उरकण्याचा हट्ट गटाने सोडावा. भातखाचरांच्या बनाउएत रस्त्यावरूनच फोटो काढून परतण्याऐवजी बाताड गावापर्यंत पायी जावं, मुक्काम गावात करावा, वाटाड्या स्थानिकच घ्यावा आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये. पावसाळ्यात इथे वादळं येतात, दरडी कोसळतात. त्या दिवसांत गाड्या डोंगरात घालूच नयेत. अडकलेल्यांना सोडवायला आधी गावकऱ्यांनाच धावावं लागतं.