पिंजऱ्यातील पांढरा उंदीर



व्यापारी घरात उंदराचे नाव निघाले की प्रथम गोदाम आठवते. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईत प्लेगचे निदान केले, ते मांडवीत, म्हणजे धान्याच्या वखारींच्या मुलखात. दोन वर्षांनी पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्यकाने कराचीत प्रयोग केले आणि हा रोग उंदराच्या अंगावरील पिसवेमार्फत पसरतो असे दाखवले. त्या साथीत उंदीरही हजारोंनी मेले. परंतु आपल्या स्मरणात उंदीर राहिला तो केवळ रोग देणारा म्हणून. तो स्वतः रोगी असतो, त्यालाही धाप लागते, त्यालाही गाठ होते, हा विचार आपल्या घरांत शिरला तो मुलांच्या हट्टाने आणलेल्या पांढऱ्या उंदरांबरोबर.

उल्हासनगर कॅम्प ५ मधील एका भगिनीचा प्रश्न आला आहे. खाली दुकान, वर घर. दुकानात उंदरांसाठी सापळा लावलेला, तर वर माडीवर मुलगी उंदराला काजू भरवते. या विसंगतीवर त्या स्वतःच हसल्या आहेत; पुढील मजकूर मात्र हसण्यासारखा नाही. बाजारातून नर-मादीची जोडी आणली होती, आता लहानमोठे मिळून सव्वीस झाले. पर्युषणात ते सर्व नाल्याकाठी सोडून द्यावेत, असे घरातील वडीलधाऱ्यांचे मत आहे. ते योग्य होईल का?

नाही. कृपया सोडू नका. हा उंदीर जातीने गटारातल्या तपकिरी उंदराचाच भाऊबंद आहे, पण त्याच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यात गेल्या आहेत. गुलाबी डोळ्यांना अंधुक दिसते, उन्हाचा त्रास होतो आणि पांढरे अंग दुरूनही नजरेत भरते. वालधुनीच्या काठावर मांजर, कावळा आणि घूस यांच्यापुढे तो किती काळ टिकेल? सोडणाऱ्याचे मन हलके होईल, एवढेच. त्याला अभयदान म्हणता येणार नाही.

सव्वीस कसे झाले, याचा हिशेब व्यापारी कुटुंबाला समजावण्याची गरज नाही. हे चक्रवाढ व्याज आहे. मादीचा गर्भकाळ एकवीस ते तेवीस दिवसांचा. एका वेळी आठ-दहा, कधी बारा पिल्ले. नर जवळ असेल तर प्रसूतीनंतर एका दिवसाच्या आतच ती पुन्हा गाभण राहू शकते, म्हणजे एक वेत अंगावर पीत असताना दुसरे पोटात वाढते. पिल्ले पाच-सहा आठवड्यांची झाली की त्यांच्यातही प्रजनन सुरू होते आणि भाऊ-बहीण हा भेद त्यांना नाही. विक्रीसाठी ज्या माद्या ठेवतात त्यांची दशा यावरून ओळखावी. त्या झिजतात, प्रसूतीत अडतात, गर्भाशयाच्या संसर्गाने मरतात. दुकानात दिसतात ती गुबगुबीत पिल्ले. आई दिसत नाही. म्हणूनच दयेपोटी दुकानातून उंदीर ‘सोडवून’ आणणे मला पटत नाही. दुकानदाराच्या वहीत ती केवळ विक्री असते आणि रिकामी जागा पुढील वेताने भरते. २०१८ च्या पेट शॉप नियमांत उंदीरवर्गीय प्राणीही येतात आणि अशा दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीपत्र दाखवा, असे ग्राहकाने म्हटले तर त्यात काही वावगे नाही.

त्या भगिनीने आजच नर आणि माद्या वेगळ्या पिंजऱ्यांत करावेत. पिल्लांचीही विभागणी पाचवा आठवडा संपण्यापूर्वी व्हावी. मात्र कोणालाही एकटे ठेवू नये. हा प्राणी एकाकीपणाने खंगतो. पुढे ओळखीच्या घरी द्यायचे झाल्यास दोन नर किंवा दोन माद्या अशाच द्याव्यात.

आता आजाराविषयी. पाळीव उंदरांचा सर्वांत मोठा वैरी श्वसनाचा रोग. मायकोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जंतू बहुतेकांच्या अंगी लहानपणापासूनच असतो. आईकडून पिल्लाला तो गर्भातही मिळू शकतो. वरवर सुदृढ दिसणारा प्राणी दमट हवेत शिंकू लागतो, मग छातीत घरघर होते आणि श्वास घेताना कुशी आत-बाहेर होतात. औषधाने रोग दबतो, निर्मूळ होत नाही. त्याला चेतवते ती मुख्यतः पिंजऱ्यातील मूत्राची तीव्र वाफ. दुसरे कारण आपल्या गावाचे म्हणावे लागेल. फर्निचर बाजारामुळे आपल्याकडे लाकडाचा भुसा सहज मिळतो आणि लोक तोच पिंजऱ्यात अंथरतात. चीड-देवदाराचा उग्र वास व बारीक धूळ उंदराच्या फुप्फुसाला अपाय करते. जीन्सची कात्रणेही नकोत. सुटा धागा पायाला गुंडाळून पाय सुजतो. छापील नसलेल्या कोऱ्या कागदाचे तुकडे अंथरावेत आणि ओला भाग रोज बदलावा.

नाकाडोळ्यांभोवती लाल डाग दिसले की घरात घबराट होते. ते बहुधा रक्त नसते. डोळ्यामागील ग्रंथीतून पाझरणारे लालसर द्रव्य ते. पण पुन्हापुन्हा दिसू लागले तर प्राणी आजारी किंवा भयभीत आहे असे समजावे.

वयस्क मादीच्या अंगावर गाठ येणे फार आढळते. तिच्या स्तनग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत पसरलेल्या असल्याने गाठ काखेतही येते. बहुतेक गाठी सौम्य असतात, परंतु वाढतात झपाट्याने. लहान असताना शस्त्रक्रिया सुकर. आयुष्य दोन-तीन वर्षांचेच, मग कशाला खर्च, असे म्हणणारे भेटतात. गाठ फार वाढली की डॉक्टर कधी प्राण्याला कायमचे निजवण्याचा सल्ला देतात आणि आपली कुटुंबे तो नाकारतात. नाकारावा, पण मग वेदनाशामक औषध, मऊ अंथरूण आणि तोंडाजवळ पाणी, ही जबाबदारीही स्वीकारावी. हत्या नको म्हणून त्याला तळमळत कोपऱ्यात ठेवून देणे मला अहिंसेत बसवता येत नाही.

आहाराविषयी एक गमतीची अडचण. हा प्राणी निशाचर. काही घरांत सूर्यास्तानंतर त्याची वाटीही उचलली जाते! चौविहार आपण घ्यावा, त्याच्यावर लादू नये. धान्य, शिजवलेली डाळ, भाजी आणि उंदरांसाठीचे तयार दाणे यांवर त्याचे उत्तम चालते. शेव, गाठिया, मिठाई मात्र नको. तो लठ्ठ होतो, आणि काही बाधले तर उंदराला ओकता येत नाही. मे महिन्यात पत्र्याखालची खोलीही त्याला घातक, कारण अंगाची उष्णता तो मुख्यतः शेपटीवाटेच बाहेर टाकू शकतो.

पिंजरा गोदामात ठेवू नये. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने अनेक बळी घेतले. रानटी उंदराच्या मूत्रातून हा रोग माणसाला होतो, तसाच पाळीव उंदरालाही. हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत. चावा घेतल्यास जखम धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

जवळच्या पशुवैद्यास उंदरांचा अनुभव नसेल तर अंबरनाथहून मध्य रेल्वेने परळ गाठता येते. बाई साकरबाई दिनशा पेटिट हे प्राण्यांचे रुग्णालय तेथेच आहे. जाताना डबा हवेशीर असावा, आत पाण्याऐवजी काकडीचा तुकडा ठेवावा आणि सोबतीचा दुसरा उंदीरही न्यावा.